आईचा खांदा आखडलाय, ऑपरेशन सुचवलंय. अनुभव आणि सल्ला हवा

हळदबाजार

नमस्कार मंडळी. आईचं वय ५८, मधुमेह जुना, गोळ्या चालू आहेत. दिवाळीच्या फराळात डावा खांदा दुखायला लागला, तेव्हा चकलीच्या सोऱ्यावर खापर फोडून आम्ही मोकळे झालो. आता संक्रांत होऊन गेली. हात कानापर्यंतसुद्धा जात नाही. वेणी मी घालून देते, ब्लाउजची मागची हुकं शिंपिणीकडून पुढे करून घेतली. रात्री त्या कुशीवर वळली की कळ येते आणि उठून बसते.

निर्गुडीचा शेक, महानारायण तेल, मेडिकलवाल्याच्या गोळ्या, सगळं झालं. मग इथल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी एमआरआय करून आणायला सांगितलं, रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, स्नायूबंध फाटलाय, दुर्बिणीतून शिवावा लागेल. आईच्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही. फिजिओ म्हणतात हा फ्रोझन शोल्डर आहे, ऑपरेशनची घाई नको. भाऊ म्हणतो एकदाचं करून टाकू. आई म्हणते मला काही करायचं नाही, राहू दे असाच हात. कुणाचं ऐकावं?

चहाटळ

आधी सोऱ्याची जाहीर माफी मागा.

बाकी गंभीरपणे, माझ्या मोठ्या काकूला हेच झालं होतं. दोनेक वर्षांनी आपोआप सुटलं म्हणतात. पण ती दोन वर्षं घरातल्या सगळ्यांनी भोगली.

कोथरूडची_फिजिओ

हळदबाजारताई, एक तपासणी घरी करून बघा. आईंना खुर्चीत ताठ बसवा. दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवायची, अंगठे छताकडे. आता कोपरं अजिबात न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. उजवा जिथवर जातो तिथवर डावा जातो का? नसेल जात तर तुम्ही त्यांचं मनगट धरून हळूच बाहेर न्या.

तुमच्या हातानंही तो मध्येच अडला, पुढे सरकेचना, तर सांध्याभोवतीचं आवरण आकसलंय. फ्रोझन शोल्डरमध्ये सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हीच हालचाल जाते. याउलट तुम्ही नेल्यावर हात पूर्ण गेला, फक्त त्यांना स्वतःला नेता येत नाही किंवा जोरच लागत नाही, तर गडबड स्नायूत किंवा टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूबंधात आहे. वर उचलतानाही हाच फरक बघायचा. फार ओढाताण करू नका, अंदाज घ्यायचाय फक्त.

खांद्याचा सांधा सांभाळणारे चार स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातला सुप्रास्पायनेटस सगळ्यात जास्त झिजतो. आईंच्या रिपोर्टमध्ये बहुधा त्याचंच नाव असेल. रिपोर्टमधली शेवटची दोन-तीन वाक्यं इथे लिहाल का?

हळदबाजार

ताई, करून बघितलं. उजवा हात छान बाहेर जातो. डावा जेमतेम सरळ समोर राहतो, मी नेला तरी तिथेच अडतो आणि आई कळवळते. रिपोर्टमध्ये सुप्रास्पायनेटसला 'पार्शियल टिअर' (अर्धवट फाट) म्हटलंय, त्याखाली सांध्याचं आवरण जाड झालंय असंही आहे. एक्स-रे नॉर्मल.

प्लास्टरवाला

मी हाडांचा डॉक्टर, आता निवृत्त. समोर न तपासता निदान सांगू नये हा दंडक पाळून लिहितो.

फिजिओताईंनी सांगितलेली तपासणी लाखमोलाची आहे. एक्स-रे नॉर्मल असून, दुसऱ्यानं हलवूनही पंजा बाहेर जात नसेल तर पहिला संशय फ्रोझन शोल्डरचाच घ्यायचा. एक्स-रे पाहायचा तो याचसाठी, कारण सांध्याची झीज झाली असली तरी हात असाच अडतो. मधुमेह असेल तर संशय आणखी बळावतो. सर्वसाधारण लोकांत हा आजार शेकडा २ ते ५ जणांना होतो, मधुमेहींत १० ते २० जणांना. थायरॉइडच्या रुग्णांतही जास्त दिसतो. आईंची थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

आता एमआरआयबद्दल. १९९५ साली अमेरिकेत खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले गेले. साठीच्या पुढच्या मंडळींत निम्म्याहून जास्त जणांच्या रोटेटर कफमध्ये अर्धवट किंवा पूर्ण फाट सापडली, आणि त्यांचं काहीच दुखत नव्हतं! वयानं केस पांढरे होतात तसं हे. म्हणून रिपोर्टमध्ये 'टिअर' शब्द दिसला की लगेच शिवायचं असं नसतं. आधी खांदा तपासायचा, मग रिपोर्ट त्याच्याशी जुळतो का ते बघायचं. उलट्या क्रमानं गेलं की ऑपरेशनं वाढतात. आखडलेल्या खांद्यात अर्धवट फाट शिवली तर खांदा आणखी आखडण्याची भीती असते, हे भाऊंच्या कानावर घाला.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर धागा वाचून कुणी घरी बसून राहील. दुचाकीवरून पडलात, हिसका बसला आणि त्या क्षणापासून हात उचलताच येईना, तर ती ताजी फाट असू शकते. तिथे 'बघू महिना-दोन महिने' करायचं नाही. टेंडन मागे सरकतो, स्नायूत चरबी भरते, आणि मग शिवायचं म्हटलं तरी टोकं जुळत नाहीत. अशा माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच दाखवलं पाहिजे.

चहाटळ

म्हणजे काकूला झालं ते आपोआप बरं होतं हे खरं की खोटं?

प्लास्टरवाला

अर्धं खरं. पहिले काही महिने ठणका जास्त आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. मग दुखणं ओसरतं पण हात अडकलेलाच राहतो. मग सुटायला लागतो. सगळं मिळून १ ते ३ वर्षं. बऱ्याच जणांचा हात कामापुरता सुटतो, पण थोडा आखडलेपणा मागे राहू शकतो, आणि मधुमेहींत तो जास्त राहतो. त्यामुळे 'आपोआप' म्हणून दोन वर्षं रात्री जागून काढायला लावणं मला पटत नाही.

सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन चांगलं काम करतं. सोनोग्राफीत बघून दिलं तर नेमक्या जागी पडतं. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण एखाद्या इंजेक्शनानं हाडं विरघळत नाहीत. मधुमेहींनी मात्र लक्षात ठेवायचं की त्यानंतर काही दिवस, कधी आठवडाभर, साखर वर जाते. साखर आधीच हाताबाहेर असेल तर आधी ती आटोक्यात आणा, मग इंजेक्शन.

त्यापुढचे उपाय म्हणजे सलाइनचं पाणी दाबानं सोडून आवरण फुगवणं, भूल देऊन खांदा हलवून मोकळा करणं, किंवा दुर्बिणीतून आवरण कापणं. इंग्लंडमध्ये ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांवर यातली तुलना झाली, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला इंजेक्शन आणि पद्धतशीर फिजिओ, दुसऱ्याला भूल देऊन हालचाल, तिसऱ्याला दुर्बिणीचं ऑपरेशन. वर्षभरानं तिन्ही गट सुधारलेले होते आणि कुठलाही एक उपाय ठळकपणे सरस ठरला नाही. गंभीर गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात जास्त दिसली. म्हणजे ऑपरेशन चूक नाही, पण ते रांगेत मागे उभं असतं.

टिपरूबहाद्दर

धागा खांद्याचा आहे, पण कोपरासाठी नवा धागा काढत नाही.

मी पथकात ढोल वाजवतो. सराव सुरू झाला की दोन-तीन आठवड्यांत उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ ठणकायला लागतं. गणपती संपतात तोवर चहाचा कप उचलताना कळ येते, गाडीचा ॲक्सिलरेटर पिळवत नाही. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. आयुष्यात रॅकेट धरलेली नाही! गेल्या वर्षी इंजेक्शन घेतलं, विसर्जनापर्यंत मस्त वाजवलं. दिवाळीत परत सुरू, आधीपेक्षा वाईट. आता पुन्हा इंजेक्शन घ्यावं का?

कोथरूडची_फिजिओ

टिपरूबहाद्दर, दर भाद्रपदात तुमच्यासारखे चार-दोन जण आमच्याकडे असतात. ताशावाले वेगळेच, त्यांचं मनगट. टेनिस एल्बोचे बहुतेक रुग्ण टेनिस खेळत नाहीत. सुतार, रंगारी, पिळे काढून कपडे वाळत घालणाऱ्या बायका, भरली कढई सांडशीनं उतरवणाऱ्या आचारी मंडळी. वय साधारण ३५ ते ५५.

मनगट मागे उचलणारे स्नायू ज्या टेंडननं कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटतात तिथे हा बिघाड असतो. वर्षभर न वापरलेला हात एकदम रोज तास-दोन तास टिपरू हाणायला लागतो, टेंडनला सवयीला वेळच मिळत नाही. म्हणून तयारी सरावाच्या आधी हवी.

हे करा. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा जमिनीकडे. अर्धा लिटर पाण्याची बाटली धरा. दुसऱ्या हातानं पंजा वर उचलून द्या आणि मग दुखऱ्या हातानं एकट्यानं, सावकाश, खाली सोडा. वर नेताना मदत, खाली येताना नाही. सुरुवातीला एवढंही सोसत नसेल तर बाटली हवेत नुसती स्थिर धरून ठेवा. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर वजन कमी करा. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारेच जास्त, याला महिने लागतात. पट्टा बांधायचा तर कोपरावर नाही, कोपराखाली दोन बोटं सोडून, मांसल भागावर. आणि टिपरूची मूठ बारीक असेल तर कापड गुंडाळून जाड करा, पकड आवळावी लागत नाही.

प्लास्टरवाला

इंजेक्शनचं मी सांगतो. खांद्यात जे उपयोगी तेच इथे दगा देतं. ऑस्ट्रेलियात १६५ टेनिस एल्बोवाल्यांवर अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. स्टेरॉइड घेतलेल्यांना सुरुवातीला छान वाटलं, पण वर्षभरात निम्म्याहून जास्त जणांचं दुखणं उलटलं. खोटं, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन दिलेल्यांत हेच प्रमाण १२ टक्के. तुमची विसर्जन ते दिवाळी कहाणी त्याच वळणाची आहे. दुसरं घेऊ नका असंच म्हणेन.

आपल्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीच्या (प्लेटलेटयुक्त द्रवाच्या) इंजेक्शनची जाहिरात जोरात आहे. २०२१ मधल्या कॉक्रेन आढाव्यानुसार (यात बरेच अभ्यास एकत्र तपासतात) टेनिस एल्बोत त्याचा खोट्या इंजेक्शनपेक्षा फारसा फायदा नाही. खिसा मात्र हलका होतो.

ऑरेंजसिटी

सचिनचा टेनिस एल्बो आठवला की अजून पोटात गोळा येतो. २००४ मध्ये सामने चुकले, मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. ऑक्टोबरात श्रीलंकेविरुद्ध पहिला सामना आमच्या नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर. त्या दिवशी ९३ काढल्या त्यानं! पुढच्या वर्षी खांद्याचंही ऑपरेशन झालं. नीरज चोप्राचं उजवं कोपर २०१९ मध्ये मुंबईत ऑपरेट झालं आणि २०२१ ला टोकियोत सुवर्ण. मग ऑपरेशन वाईट कसं?

प्लास्टरवाला

वाईट कोण म्हणतंय? भालाफेक करणाऱ्याच्या कोपरावर पडणारा ताण आणि आपला ताण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय अशा खेळाडूच्या दिमतीला फिजिओ असतो, व्यायाम हेच त्याचं दिवसाचं काम असतं. टेनिस एल्बोचे दहातले आठ-नऊ जण वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरे होतात. उरलेल्यांसाठी ऑपरेशन आहेच.

एसटीचा_प्रवासी

लहान मुलांचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. बहिणीचा मुलगा, सव्वादोन वर्षांचा. एसटीत चढताना घाईत तिनं त्याला एका हाताला धरून वर खेचलं. पोरानं भोकाड पसरलं आणि तो हात हलवायचाच बंद केला. किंचित वाकवून पोटाशी धरून ठेवलेला, तळवा खाली. सूज नाही, काही नाही. शेजारच्या गावी एक हाडवैद्य आहेत, सासू म्हणे तिकडे न्या, चोळून देतील. बहिणीनं बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी हात फिरवला, बारीक 'टक्' झालं आणि थोड्या वेळात पठ्ठ्या त्याच हातानं बिस्किट मागत होता.

प्लास्टरवाला

बहिणीचा निर्णय उत्तम. याला पुल्ड एल्बो म्हणतात, साधारण १ ते ४ वर्षांच्या मुलांत दिसतो. कोपराजवळच्या बारीक हाडाच्या टोकाभोवती एक कडं असतं, हात खेचला की ते घसरतं. बसवणं सेकंदांचं काम आहे. पण यूट्यूबवर बघून घरी करू नका, आणि मूल पडलं असेल किंवा सूज असेल तर बिलकूल नाही.

कारण पाच-सात वर्षांचं मूल झाडावरून किंवा घसरगुंडीवरून हातावर पडलं, कोपर सुजलं, तर बहुधा कोपराच्या वरचं हाड मोडलेलं असतं. ग्रामीण भागात काम करताना मला सगळ्यात जास्त राग आला तो यावर. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेला हात, बोटं पांढरी आणि थंडगार, सरळ करू पाहिलं की मूल किंकाळी फोडतं. रक्तपुरवठा तुटलेला असतो. काही तासांत स्नायू मरायला लागतात आणि पंजा जन्मभर आकडलेला राहतो. प्लास्टर दवाखान्यात घातलेलं असलं तरी ही लक्षणं दिसली की सकाळची वाट बघायची नाही, रात्री जायचं.

आणि मार लागलेल्या कोपराला तेल लावून चोळणं बंद करा. कोपर या बाबतीत फार खुनशी सांधा आहे. दुखावलेल्या स्नायूत चोळण्यानं हाड तयार व्हायला लागतं, आणि कोपर कायमचं काटकोनात थिजतं. जेवणाचा घास तोंडापर्यंत जात नाही अशी तरुण मुलं पाहिली आहेत.

रात्रपाळी

करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट सुन्न होतं, पहाटे जास्त. मानेचा एक्स-रे काढला, थोडी झीज आहे म्हणाले. हे कोपराचं असू शकतं का?

कोथरूडची_फिजिओ

नक्कीच असू शकतं. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती शीर (मज्जातंतू) कोपराच्या मागून, अगदी कातडीखालून जाते. कोपर पूर्ण दुमडून झोपलं, फोन तासनतास कानाशी धरला किंवा कोपर टेबलावर टेकवून बसलं की ती ताणते-दबते. रात्री कोपराभोवती जाडसर टॉवेल सैल गुंडाळून झोपा, म्हणजे ते पूर्ण दुमडणार नाही. किल्ली फिरवताना जोर लागत नसेल किंवा अंगठा आणि तर्जनीमधलं मांस खपाटीला गेलेलं दिसत असेल तर टॉवेलवर न थांबता तज्ज्ञाकडे जा आणि शिरांची तपासणी करून घ्या.

घाटमाथा

कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचा डावा खांदा दुखत होता, सगळे फ्रोझन शोल्डरच म्हणत होतो. जिना चढला की दुखायचा, बसलं की थांबायचा. शेवटी ईसीजी आणि पुढच्या तपासण्या झाल्या, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले.

प्लास्टरवाला

फार महत्त्वाचं लिहिलंत. हात हलवल्यावर न दुखता चालल्यावर, चढ चढल्यावर दुखणारा खांदा हा खांद्याचा नसतो. सोबत घाम, धाप, छातीवर दडपण असेल तर शेक-बिक न घेता सरळ इमर्जन्सी. जेवणानंतर उजव्या खांद्यात कळ येत असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे सकाळी तासभर ताठ राहत असतील तर ईएसआर ही साधी रक्ताची तपासणी करून फिजिशियनला भेटा, त्याला औषध आहे आणि ते लवकर लागू पडतं.

हळदबाजार

सगळ्यांचे आभार. अपडेट देते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एमआरआय बाजूला ठेवून आधी दोन्ही खांदे तपासले. निदान फ्रोझन शोल्डर. फाट जुनी आणि किरकोळ आहे, तूर्त तिच्या वाटेला जायचं नाही म्हणाले. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ९ च्या वर निघालं, त्यामुळे आधी साखर आटोक्यात आणायला सांगितली, औषध बदललं. ती उतरल्यावर सोनोग्राफीत बघून इंजेक्शन दिलं. त्यानंतर सकाळची साखर चढली, घाबरले होते, पण डॉक्टरकाकांनी इथे आधीच लिहिलेलं असल्यामुळे धीर होता. आठवड्याच्या आत उतरली. आई आता रात्री झोपते. हात अजून फारसा वर जात नाही, पण भिंतीवर बोटं चालवत दर रविवारी पेन्सिलनं खूण करते आणि भावाला बोलावून दाखवते. भाऊ आता ऑपरेशनचं नाव काढत नाही.

एक विचारायचं होतं. काठीचा व्यायाम शेकाच्या आधी करायचा की नंतर?

कोथरूडची_फिजिओ

शेक आधी, दहा-पंधरा मिनिटं, मग लगेच व्यायाम. आईंना मधुमेह आहे म्हणून गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर नको, टॉवेलात गुंडाळून. बधिरपणा असेल तर चटका बसलेला कळत नाही. काठी दोन्ही हातांत आडवी धरून उजव्या हातानं डावा पंजा बाहेर ढकलायचा, कोपर बरगडीला चिकटलेलं, मध्ये हवं तर घडी केलेला नॅपकिन धरायला सांगा. तो खाली पडला की समजायचं कोपर सुटलं.

चहाटळ

आणि येत्या दिवाळीत चकल्या कोण पाडणार?

हळदबाजार

भाऊ.